गोल झाल्यावरचा आनंद आणि पंचांचें कार्ड

कतार देशांत २०२२ सालीं भरलेल्या फुटबॉलच्या विश्वचषक-स्पर्धेंतील एक प्रसंग आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या तोंडून अजूनहि ऐकूं येतो, व त्यावरून मधल्या सुटींत चालणारे वादहि आमच्या कानीं येतात. ता. २ डिसेंबर रोजीं लुसैल येथील मैदानावर कॅमेरून व ब्राझील या दोन संघांची गांठ पडली होती. सामना संपावयास आला होता, कोणाचाहि गोल झालेला नव्हता, आणि फुकट गेलेल्या वेळाच्या भरपाईसाठीं दिलेल्या अखेरच्या मिनिटांत कॅमेरूनचा कप्तान व्हिन्सेंट अबूबकर यानें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला. आफ्रिका खंडांतील कोणत्याहि संघानें विश्वचषक-स्पर्धेंत ब्राझीलला त्यापूर्वीं कधींच हरविलें नव्हतें. अबूबकर मैदानाच्या कोपऱ्याकडे धांवत गेला, अंगांतील सदरा त्यानें काढला, आणि उघड्या अंगानें तो आपल्या लोकांसमोर उभा राहिला. त्याला आधींच एक पिवळें कार्ड मिळालेलें होतें, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असें नाहीं. पंच इस्माईल एल्फाथ हे त्याच्याजवळ आले, हंसले, त्यांनीं त्याच्याशीं हस्तांदोलन केलें, आणि मग खिशांतून दुसरें पिवळें कार्ड व त्यापाठोपाठ लाल कार्ड काढून दाखविलें. अबूबकर हंसतच मैदानाबाहेर गेला. त्याचा संघ तो सामना जिंकला, परंतु स्पर्धेंतून बाहेरहि पडला; कारण त्याच संध्याकाळीं दुसऱ्या मैदानावर स्वित्झर्लंडनें सर्बियास हरविलें होतें.

हा प्रसंग सांगून कोणी विचारतो, "आनंद झाला म्हणून शिक्षा? हा कोठला न्याय?" दुसरा त्याला उत्तर देतो, "नियम तो नियम. सदरा काढावयास त्याला कोणी सांगितलें होतें?" आम्हांस या दोहोंनींहि समाधान होत नाहीं. पहिल्यानें प्रश्न नीट मांडलेला नाहीं, आणि दुसरा तो मांडूंच देत नाहीं. शाळाशाळांच्या सामन्यांत गोल झाल्यावर आतां मुलें जे प्रकार करितात ते पाहून कित्येक पालक आमच्याकडे येतात, कोणी तक्रार घेऊन, कोणी कौतुक घेऊन. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नियम काय म्हणतो तें पाहूं. फुटबॉलचे नियम ठरविण्याचा अधिकार १८८६ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड या मंडळाकडे आहे. त्याच्या पुस्तकांतील बारावा नियम आनंद करण्यास मनाई करीत नाहीं. गोल झाल्यावर खेळाडू आनंद करणार हें तो धरूनच चालतो, मात्र त्याचा अतिरेक होऊं नये असें सांगतो. आनंदाच्या भरांत खेळाडू मैदानाची रेषा ओलांडून बाहेर गेला तरी तेवढ्यानें तो अपराधी होत नाहीं. त्यानें लवकर परत यावें, इतकीच अपेक्षा. आधीं बसवून ठेविलेल्या नाचांस नियमाचें उत्तेजन नाहीं, पण त्यांत फार वेळ न गेला तर पंच तिकडे काणाडोळा करूं शकतात. पिवळें कार्ड, म्हणजे अधिकृत ताकीद, दिलींच पाहिजे असे अपराध निराळे आहेत. कुंपणावर चढणें, अथवा धोका उत्पन्न होईल अशा रीतीनें प्रेक्षकांकडे जाणें हा त्यांतला एक. चिथावणीचे, टवाळीचे वा माथीं भडकविणारे हावभाव करणें हा दुसरा. मुखवटा घालून तोंड झांकणें हाहि त्यांतच येतो, आणि सदरा काढणें किंवा डोक्यावर ओढून घेणें हाहि त्यांतच. सदऱ्याबद्दलची सक्ती २००४ सालापासूनची आहे. गंमत अशी कीं, मागाहून तो गोल रद्द झाला तरी ताकीद रद्द होत नाहीं. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची पद्धत २०१८ सालीं नियमपुस्तकांत आल्यापासून असे प्रसंग पुष्कळ येऊं लागले आहेत; आणि मग गोलहि गेला, अंगांतला सदराहि गेला, कार्ड मात्र पदरीं राहिलें, अशी एखाद्या बिचाऱ्याची अवस्था होते.

आतां हे अपराध पुनः एकवार डोळ्यांपुढें आणावे. कुंपणावर चढणारा प्रेक्षकांच्या जिवाशीं खेळतो. चिथावणी देणारा हरलेल्याच्या मनाशीं खेळतो. सदरा काढणारा कोणाशीं खेळतो? फार तर पंचांच्या घड्याळाशीं. तरीहि तिघांस शिक्षा एकच, पिवळें कार्ड. आमची तक्रार आहे ती येथें. शिक्षा आहे याबद्दल आमचें भांडण नाहीं. लहान चूक आणि मोठा अपराध एकाच तागडींत घातले जातात याबद्दल आहे.

सदऱ्याच्या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध अपराधी स्पेनचा आंद्रेस इनिएस्ता हा होय. ता. ११ जुलै २०१० रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत, ११६ व्या मिनिटास, त्यानें हॉलंडविरुद्ध एकमेव गोल केला आणि स्पेनला पहिल्यांदाच जगज्जेतेपद मिळवून दिलें. त्यानेंहि सदरा काढला. आंत एक साधी पांढरी बंडी होती व तीवर हातानें लिहिलेलें होतें कीं, दानी हार्के आमच्याबरोबर सदैव आहे. हा हार्के एस्पान्योल संघाचा तरुण कप्तान. ऑगस्ट २००९ मध्यें, वयाच्या २६ व्या वर्षीं, हृदयक्रिया बंद पडून तो अकस्मात् वारला होता. एस्पान्योल व इनिएस्ताचा बार्सेलोना हे एकाच शहरांतले, पिढ्यान् पिढ्यांचे प्रतिस्पर्धी संघ. ज्या क्षणीं सारें जग आपल्याकडे पाहत आहे त्या क्षणीं इनिएस्तानें तें जग आपल्या मृत मित्राकडे वळविलें. पंच हॉवर्ड वेब यांनीं त्याला पिवळें कार्ड दाखविलें, व नियमाप्रमाणें त्यांना तें दाखविणें भागच होतें. पुढें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इनिएस्ता एस्पान्योलच्या मैदानावर खेळावयास गेला. त्या दिवशीं एस्पान्योलचा एकास पांच गोलांनीं धुव्वा उडाला, तरी त्याच्या प्रेक्षकांनीं शत्रुपक्षाच्या या खेळाडूचें टाळ्यांच्या कडकडाटांत स्वागत केलें. कार्डाची नोंद पंचांच्या वहींत झाली. टाळ्यांची कोठें झाली कीं नाहीं, कोण जाणे.

या नियमाच्या बाजूनें बोलणारे सांगतात कीं, सदरा काढण्या-घालण्यांत वेळ जातो, कित्येक देशांत उघडें अंग असभ्य मानितात, व एकास सूट दिली कीं सर्वच काढूं लागतील. हीं कारणें अगदींच पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र सदऱ्याच्या छातीवर ज्या व्यापाऱ्याचें नांव छापलेलें असतें, तो नेमक्या त्याच क्षणासाठीं पैसे मोजतो, आणि त्याच क्षणीं सदरा गुंडाळून हातांत घेतलेला त्याला परवडत नाहीं, असें जें लोक म्हणतात त्यावर आमचा सहज विश्वास बसतो. आमच्या वाचकांस क्रिकेट अधिक जवळचें. फेब्रुवारी २००२ मध्यें मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर हिंदुस्थानचा संघ पांच धांवांनीं हरला, तेव्हां इंग्लंडच्या फ्लिंटॉफनें सदरा काढून मैदानभर धांव घेतली. आणि त्याच वर्षीं जुलैच्या १३ तारखेस लॉर्ड्सच्या सज्जांत सौरव गांगुलीनें आपला सदरा गरगर फिरवून त्याची परतफेड केली. ती परतफेड पाहून आपल्या घरोघरीं जो आनंद झाला, त्यांत सभ्यतेचा प्रश्न कोणाला सुचला होता?

मुखवट्याच्या नियमाचा एक किस्सा मुलांस सांगण्याजोगा आहे. एप्रिल २०११ मध्यें ब्राझीलच्या सांतोस संघाकडून खेळतांना नेमार यानें चिलीच्या कोलो-कोलो संघाविरुद्ध गोल केला व प्रेक्षकांकडून एक मुखवटा घेऊन तोंडावर चढविला. मुखवटा होता खुद्द नेमारचाच! आपलेंच तोंड आपल्याच तोंडानें झांकल्याबद्दल त्याला दुसरें पिवळें कार्ड मिळालें आणि मैदान सोडावें लागलें. यांत कोणाचें कांहीं बिघडलें असें नाहीं. पण आपल्या संघास दहा गड्यांनिशीं खेळावयास लावणारी ही हौस आम्हांस पोरकट वाटते. कुंपणाचा नियम मात्र थट्टेचा नव्हे. डिसेंबर २००४ मध्यें स्वित्झर्लंडांत सर्व्हेत संघाचा पाउलो दियोगो हा, सोबत्याच्या गोलाला आपण हातभार लाविला या आनंदांत, कुंपणावर चढला. खालीं उडी मारतांना त्याच्या बोटांतील लग्नाची अंगठी तारेंत अडकली आणि बोट तुटून वर राहिलें. लोक तें बोट शोधीत असतां पंचांनीं त्याला अतिरेकी आनंदाबद्दल पिवळें कार्ड दिलें. नियमाचें अक्षर पंचांनीं पाळलें, यांत शंका नाहीं. पण ज्याच्या हातांतून रक्त वाहत आहे त्याला ताकीद देण्यास दोन मिनिटें थांबतां आलें नसतें काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. लुसैलचे एल्फाथ आणि हे पंच, दोघांनींहि एकच नियम चालविला; दोघांत जें अंतर आहे तें नियमपुस्तकांत सांपडावयाचें नाहीं.

आतां चिथावणीकडे वळूं, कारण या सबंध विषयांत आम्हांस खरी काळजी वाटते ती हिची. सप्टेंबर २००९ मध्यें मँचेस्टर सिटी संघाचा इमॅन्युएल अडेबायोर यानें आपल्या जुन्या आर्सेनल संघाविरुद्ध गोल केला. दोनच महिन्यांपूर्वीं त्यानें तो संघ सोडला होता, व त्या दिवशीं आर्सेनलचे पाठीराखे त्याला सारखे शिव्या घालीत होते. गोल होतांच तो सारें मैदान ओलांडून, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत, धांवत त्यांच्यासमोर गेला आणि गुडघ्यांवर घसरून हात पसरून बसला. प्रेक्षक खवळले, हातीं लागेल तें फेंकूं लागले, आणि त्या गर्दींत बंदोबस्तावरील एक माणूस जखमी झाला. अडेबायोरला पिवळें कार्ड मिळालें. मागाहून इंग्लंडच्या असोसिएशननें त्याला २५,००० पौंड दंड केला व दोन सामन्यांची बंदी तहकूब ठेविली. त्याला शिव्या बसल्या होत्या ही गोष्ट खरी, व शिव्या देणारांस आम्ही निर्दोष म्हणत नाहीं. पण जखमी झालेल्या माणसानें शिवी दिली नव्हती. तो आपल्या रोजच्या कामावर उभा होता. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस खेळाडूच्या एका हावभावानें गॅलरींत काय होतें तें आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं.

याहून वाईट प्रकार, हाताच्या खुणांचा. ता. १६ मार्च २०१३ रोजीं ग्रीस देशांत, एईके अथेन्स या संघाचा वीस वर्षांचा खेळाडू योर्गोस कातिदिस यानें विजयाचा गोल केल्यावर सदरा काढून, हात ताठ वर करून हिटलरी पद्धतीची सलामी दिली. ग्रीसच्या फुटबॉल संघटनेनें त्याला राष्ट्रीय संघांतून जन्माचा बाद केला. मुलगा म्हणाला, या खुणेचा अर्थ आपल्याला ठाऊक नव्हता. १९४१ पासून १९४४ पर्यंत ग्रीस नाझी जर्मनीच्या टांचेखालीं होता. पहिल्याच हिवाळ्यांत अथेन्समध्यें हजारों माणसें भुकेनें मेलीं. शिवाय ज्या संघाचा सदरा त्यानें त्या क्षणीं अंगांतून काढला, तो संघ १९२४ सालीं कॉन्स्टँटिनोपलहून परागंदा होऊन आलेल्या निर्वासितांनीं स्थापिलेला! कातिदिस खरें बोलत होता असें धरलें, तर त्याच्या शाळेला काय म्हणावें? इतिहासाच्या तासाला सनावळ्या घोकविणारे आम्ही सारेच शिक्षक या एका उदाहरणावर घटकाभर विचार करूं तर बरें. जन्माची बंदी आम्हांस फार कडक वाटते. विसाव्या वर्षीं केलेल्या कृत्याबद्दल चाळिसाव्या वर्षींहि दार बंद ठेवणें ही शिक्षा माणसाला सुधारण्यास जागाच ठेवीत नाहीं. पण शिक्षा नकोच होती, असें आम्ही म्हणणार नाहीं.

ज्याला अर्थ पुरता ठाऊक आहे अशाचें उदाहरण निराळें. २०१८ च्या विश्वचषक-स्पर्धेंत, ता. २२ जून रोजीं कालिनिनग्राड येथें, स्वित्झर्लंडच्या ग्रानिट झाका व झेरदान शाचिरी यांनीं सर्बियाविरुद्ध एकेक गोल केला आणि दोन्ही हातांचे पंजे जोडून अल्बानियाच्या निशाणावरील दुतोंडी गरुड करून दाखविला. दोघांचींहि घराणीं कोसोव्होंतलीं. झाकाच्या वडिलांनीं युगोस्लाव्हियांत राजकीय निदर्शनाबद्दल तुरुंगवास भोगलेला. बापाचा तुरुंग मुलाच्या हातांतून बोलला, असें कोणी म्हटल्यास आम्हांस तें समजतें. तरीहि समोर उभे असलेले अकरा सर्ब गडी त्या तुरुंगाचे शिपाई नव्हते. ते फुटबॉल खेळावयास आले होते. फिफा या जागतिक संघटनेनें दोघांस प्रत्येकीं १०,००० स्विस फ्रँक दंड केला, बंदी घातली नाहीं. हा निवाडा आम्हांस बहुतांशीं योग्य वाटतो.

मग चांगल्या कामासाठीं आनंदाचा उपयोग केला तर? मार्च १९९७ मध्यें लिव्हरपूलच्या रॉबी फाउलर यानें गोल केल्यावर सदरा वर करून आंतील बंडी दाखविली. तीवर सप्टेंबर १९९५ पासून कामावरून काढून टाकलेल्या, लिव्हरपूल बंदरांतील पांचशें गोदी-कामगारांस पाठिंबा दर्शविला होता. युरोपच्या संघटनेनें त्याला २,००० स्विस फ्रँक दंड केला. याच सुमारास दुसऱ्या एका सामन्यांत पंचांनीं त्याला पेनल्टी दिली असतां, गोलरक्षकानें आपल्याला पाडलेलें नाहीं असें पंचांना सांगून ती परत घ्यावी म्हणून त्यानें विनविलें, व त्याबद्दल त्याची वाखाणणी झाली. एकाच माणसाला एकाच आठवड्यांत दंड आणि शाबासकी! गोदी-कामगारांविषयीं आमचें मन कळवळतें, तरी दंड झाला यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. कारण बंडीवर आज कामगार आले तर उद्यां त्यांना काढून टाकणाराहि येईल, आणि पंचांना दोहोंत निवड करण्यास लावणें योग्य नव्हे. आजच्या चौथ्या नियमाप्रमाणें राजकीय, धार्मिक वा खाजगी मजकूर अंगावर वागविण्यास बंदी आहे. ब्राझीलचा काका यानें २००७ सालीं युरोपचा चषक जिंकल्यावर आपण येशूचे आहों असा मजकूर बंडीवर मिरविला, तेव्हां आमच्यापैकीं पुष्कळांस अभिमान वाटला होता. या नियमानें आमचेंहि तोंड बंद होतें, आणि तरीहि तो असावा असेंच आम्ही म्हणूं. ज्या मैदानावर दुसऱ्याच्या देवाचें नांव लिहूं द्यावयाचें नाहीं तेथें आपल्याच देवाला सवलत मागणें शोभत नाहीं. गुडघे टेकून क्षणभर डोळे मिटावयास कोणाचा दंड पडत नाहीं.

आणि ज्याला कसलाच दंड नाहीं, कार्ड नाहीं, अशा एका प्रकाराकडे पालकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधूं इच्छितों. आपल्याच देशांत, मिझोराम प्रांतीं, ता. १४ ऑक्टोबर २०१४ रोजीं बेथलेहेम वेंगथ्लांग संघाचा पीटर बियाकसांगझुआला या २३ वर्षांच्या खेळाडूनें बरोबरी साधणारा गोल केला आणि आनंदानें कोलांट्या घेतल्या. शेवटची कोलांटी फसली, तो मानेवर आदळला, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस इजा झाली, आणि पांचव्या दिवशीं, ता. १९ रोजीं, तो इस्पितळांत मरण पावला. जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोझे गोलानंतर अशीच कोलांटी घेत असे व ती जगभर कौतुकानें दाखविली जाई. क्लोझे खाली पायांवर येई, म्हणून आपणहि येऊं, असें मुलांस वाटतें. सदरा काढणाऱ्यास नियम हटकून अडवितो; मान मोडून घेणाऱ्याकडे तो पाहतहि नाहीं. येथें नियमपुस्तकाची वाट न पाहतां आपण घरीं आणि शाळेंत मनाई केली पाहिजे. ज्यांच्या मुलांनीं मैदानावर, गच्चीवर, किंवा गादीवरून जमिनीवर असले प्रयोग चालविले असतील, त्या आईबापांनीं हा परिच्छेद त्यांना मोठ्यानें वाचून दाखवावा.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ सारेंच बंद करा. गोल झाला कीं हस्तांदोलन करावें आणि जागेवर यावें. आम्हांस हें मान्य नाहीं. १९९४ सालीं ब्राझीलच्या बेबेतोनें, दोन दिवसांपूर्वीं जन्मलेल्या आपल्या मुलासाठीं, मैदानाच्या कडेला उभा राहून रिकाम्या हातांनीं पाळणा हलविला आणि त्याचे सोबती त्याच्याशेजारीं येऊन तसाच पाळणा हलवूं लागले. त्यांत हॉलंडच्या गड्यांचा काय अपमान झाला? जुन्या संघाविरुद्ध गोल केला म्हणून चेहरा पाडून दोन्ही हात वर करण्याची जी रूढि अलीकडे पडली आहे, तीहि आम्हांस पुष्कळदां नाटकी वाटते. गाब्रिएल बातिस्तुता नऊ वर्षें फिओरेंतिना संघाकडून खेळला व २००० सालीं रोमा संघांत गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यानें फिओरेंतिनाविरुद्ध विजयाचा गोल केला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलें. तें पाणी खरें होतें. पण प्रत्येकाच्या डोळ्यांत तें आलेंच पाहिजे असा हट्ट कशासाठीं? ज्याला आनंद झाला आहे त्यानें तो केल्यास आम्हांस मुळींच राग नाहीं.

आमच्या शाळेच्या मैदानावर आम्हांस राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. गोल करणारा मुलगा आपल्या सोबत्यांकडे न धांवतां समोरच्या गोलरक्षकाकडे धांवतो, त्याच्या तोंडासमोर बोट नाचवितो, ओठांवर बोट ठेवून त्याच्या शाळेच्या मुलांस गप्प बसण्याची खूण करितो. गोलरक्षक असतो तेरा-चौदा वर्षांचा. चेंडू आपल्या हातून निसटला हें त्याला सर्वांच्या आधीं कळलेलें असतें. जाळ्यांतून चेंडू काढून आणावयाचा, तोहि त्यालाच. त्याचे वडील रजा काढून, दोन बसगाड्या बदलून सामना पाहावयास आलेले असतात. अशा वेळीं आपल्या मुलाचा तो थाट पाहून हंसणारे, चित्र काढून घेणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या दृष्टीनें तो टी.व्ही.वर पाहिलेला खेळ असतो. ज्या मुलाच्या तोंडासमोर बोट नाचविलें जातें त्याच्या दृष्टीनें तसें नसतें. कित्येक मुलें अशा एका सामन्यानंतर पुनः गोलांत उभीं राहण्यास नाखूष असतात.

म्हणून आमची सूचना अशी आहे. मोठ्यांच्या सामन्यांत जें साधत नाहीं तें आमच्यासारख्या शाळांस साधण्याजोगें आहे. मुलांच्या सामन्यांत, ताकीद मिळालेल्या खेळाडूस सामन्याच्या एकूण वेळाचा दहा ते पंधरा टक्के भाग बाहेर बसविण्याची पद्धत ठेवण्यास नियम-मंडळानें २०१७ सालापासून मोकळीक दिली आहे. साठ मिनिटांच्या सामन्यांत हीं सहा ते नऊ मिनिटें होतात. दंडाचे पैसे तर मुलाचे वडीलच भरणार, आणि लाल कार्डानें उरलेला सारा दिवस फुकट जातो. बांकावर बसून आपल्या जागीं दहाच गडी धांवतांना पाहणें मुलास पुरेसें शिकविते. आमच्या शाळेंत होणाऱ्या आंतरशालेय सामन्यांत ही शिक्षा टवाळी करणाऱ्यास, म्हणजे प्रतिपक्षाच्या गड्यासमोर वा त्यांच्या शाळेच्या मुलांसमोर जाऊन खुणा करणाऱ्यास, बिनचूक व्हावी. कोलांटी घेणाऱ्यासहि ती व्हावी, मग तो पायांवर उतरो कीं न उतरो. पंचांचें काम आमच्यापैकींच कोणीतरी करितात. त्यांनीं ती न ओरडतां, आणि शक्य तर एल्फाथसाहेबांप्रमाणें मुलाच्या पाठीवर हात ठेवून द्यावी. शेजारच्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांशीं याविषयीं आमचें बोलणें चालूं आहे. पालकांची याला हरकत असल्यास त्यांनीं पुढील सत्राच्या पालकसभेपूर्वीं ती लेखी कळवावी.

सदऱ्याचें काय, असें विद्यार्थी विचारणारच. पंचांनीं एकदां सांगावें, मुलानें तो अंगांत घालावा, आणि खेळ पुढें चालावा. कार्ड आम्हांस नको. मात्र धांवतां धांवतां सदरा ओढून काढतांना गळ्याची शिवण उसवते व घामानें भिजलेला कापूस मातींत लोळतो. त्याबद्दल काय तें घरीं मातोश्रींच्या दरबारांत ठरेल, आणि तेथें आम्ही कोणाचीहि वकिली करणार नाहीं.